बोरिवलीहून दोन पत्रं

बोरिवली, बुधवार

तीर्थरूप अण्णांस साष्टांग नमस्कार.

आज कान्हेरी पाहिली. तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यगृहात शिरण्याआधी खांबांचा वऱ्हांडा लागतो. त्याच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे उभे बुद्ध आहेत. मान वर करून पाहताना बोलणंच थांबतं. आत काही खांबांना घटाचा पाया आणि माथ्यावर हत्ती, तर बाकीचे नुसते अष्टकोनी, जणू पाथरवट काम तसंच टाकून उठले.

मी सहज 'वऱ्हांडा' लिहून गेले, पण लेणी खोदणाऱ्यांना हा शब्द ठाऊक नव्हता. तो आपल्याकडे पोर्तुगीज 'वरांदा'वरून आला. वास्को द गामाच्या १४९८ च्या सफरीच्या रोजनिशीत तो आहे आणि १५०५ च्या स्पॅनिश-अरबी कोशातही. काहीजण त्याचं मूळ संस्कृतात शोधतात. मला मात्र वाटतं, गलबतांबरोबर तो तिकडूनच आला.

बोरिवली, शुक्रवार

अण्णा, मंडपेश्वरला जाऊन आले. हे शैव लेणं, आत नटराज कोरलेला. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्याचं चर्च केलं. एके ठिकाणी मूळचं शिल्प तासून तिथे क्रूस कोरलाय. हात लावला तर छिन्नीचे घाव बोटांना लागतात. वर डोंगरावर त्यांच्या इमारतीच्या पडक्या भिंती आहेत. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली आणि पोर्तुगीजांचा अंमल उठला. त्यांचा शब्द मात्र इथल्या प्रत्येक चाळीत राहिला.

आपला जुना शब्द 'ओवरी'. प्राकृतात 'ओवरक', संस्कृतात 'अपवरक', म्हणजे आतली खोली. पुढे देवळाच्या आवारातल्या, पुढून उघड्या खांबांच्या जागेला आपण ओवरी म्हणू लागलो. काळारामाच्या ओवऱ्यांत तर मी लहानाची मोठी झाले. शब्दाने आतून बाहेर एवढा प्रवास केला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता एक काम करा. आपल्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात खोलीच्या दारावर दक्षमित्रेचा लेख आहे. ती नहपानाची मुलगी, उषवदाताची बायको. त्यात 'ओवरक' दान दिल्याचं कोरलंय. गुडघे दुखत नसतील त्या दिवशी सकाळी लवकर चढा, उन्हाच्या आत, आणि अक्षरं अजून नीट दिसतात का ते मला कळवा.

आपली,
वसुधा