डेटा घ्या, डेटा!

१८५० साली रॉयटर नावाच्या गृहस्थाने ब्रुसेल्स ते आखेन कबुतरांकरवी शेअरचे भाव पोहोचवले, कारण मधे तारच नव्हती. आमच्याकडे कबुतरं नव्हती, हॉस्टेलचं रडतखडत चालणारं वायफाय होतं. त्यावर मी आणि माझ्या रूम पार्टनरने लासलगावच्या कांद्याचे पाच वर्षांचे भाव साफ केले. भाव सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. आम्ही विकत होतो ती मेहनत! लाल वेगळा, उन्हाळी वेगळा, किमान-कमाल-सर्वसाधारण दर एका ओळीत.

पण घेणार कोण? पहिलं गिऱ्हाईक घरचंच. बाबा म्हणाले, "गेल्या वर्षीचा भाव घेऊन काय करू? उद्याचा सांग, देतो पैसे." व्यापाऱ्याने नुसता मोबाईल दाखवला. त्याला दर तासाला चार फोन येतात, आमची फाइल कशाला हवी? मेसवाल्या काकांनी चहा पाजला, तेवढंच.

शेवटी कांदा पावडरच्या एका कारखान्यातले खरेदीवाले साहेब भेटले. त्यांना वर्षाचं बजेट साहेबांच्या साहेबांपुढे मांडायचं होतं, पुराव्यासकट. तीन हजार दिले, घासाघीस न करता! तेव्हा कळलं, स्वतःच्या पैशाने निर्णय घेणारा अंदाजावर चालतो. दुसऱ्याला जाब द्यावा लागतो तो डेटा विकत घेतो.

रूम पार्टनर नाचला. मी तक्ता पाहत बसलो. कांदा कुठल्या महिन्यात पडतो, हे आता साहेबांना नेमकं ठाऊक. आणि त्याच महिन्यात आमची चाळ रिकामी होते.

दुसरी प्रत बाबांना पाठवली. फुकट.