पहिले सात दिवस

औषध घरांत आलें कीं त्याचा गुण केव्हां येणार, हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत आधीं विचारला जातो. हिंवतापाची गोळी असो, खोकल्याचा काढा असो, कीं आजोबांच्या गुडघ्यास चोळावयाचें तेल असो, "कितव्या दिवशीं उतार पडेल?" असें विचारल्याशिवाय आपण बाटली हातीं घेत नाहीं. एकाच औषधाच्या बाबतींत मात्र हा प्रश्न विचारतांना जीभ अडखळते. तें म्हणजे गर्भधारणा होऊं नये म्हणून घ्यावयाचें औषध. तें घेणारी बहुधा एकटी जाते, एकटीच परत येते, आणि मनांत राहिलेली शंका स्वयंपाकघरांत भाजी निवडतांनाहि कोणापुढें काढीत नाहीं.

आमच्या पुतणसुनेनें ती काढली, हें मी तिच्या शहाणपणाचें लक्षण समजतें. तिचें मूल दहा महिन्यांचें. बाळंतपण शस्त्रक्रियेनें झालेलें, आणि दुसऱ्या मुलाचा विचार इतक्यांत करूं नये अशी डॉक्टरांची स्पष्ट ताकीद. प्रसूतीनंतर निदान चोवीस महिने जाऊं द्यावे, मगच पुढील गर्भाचा विचार करावा, असें जागतिक आरोग्य संघटनेचेंहि सांगणें आहे. पुतण्या जहाजावर नोकरीस असतो. तो चार महिन्यांनीं रजेवर येणार म्हणून आदल्या दिवशीं हिनें एका दवाखान्यांत जाऊन तीन महिन्यांचें इंजेक्शन टोंचून घेतलें. तेथें तिला एक कार्ड मिळालें. त्यावर पुढील तारीख होती. ह्यापलीकडे बोलणें झालें नाहीं. रांग मोठी होती म्हणे. रात्रीं पानें वाढतां वाढतां तिनें मला हळूच विचारलें, "काकू, आज टोंचलें तर आजपासूनच लागू होतें का हो?"

उत्तर मला ठाऊक नव्हतें. आमच्या परिचयाच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना तिच्यादेखतच फोन लावला. त्यांनीं उत्तर देण्याऐवजीं उलट प्रश्न केला, "पाळीचा कितवा दिवस?" हिनें बोटांवर मोजून सांगितलें, अकरावा. "मग आणखी सात दिवस जपायला हवें," त्या म्हणाल्या.

त्या उलट प्रश्नांत ह्या विषयाचें सारें मर्म आहे. 'इंजेक्शन किती दिवसांनीं लागू होतें' ह्याचें सर्व स्त्रियांना एकच उत्तर देतां येत नाहीं. तें पाळीच्या कोणत्या दिवशीं घेतलें ह्यावर अवलंबून असतें. पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या सात दिवसांत घेतलें, तर तें त्याच दिवसापासून संरक्षण देतें. दुसरी कांहीं काळजी घ्यावी लागत नाहीं. (कांहीं देशांतील डॉक्टर अधिक सावधपणें पांचच दिवस धरतात.) सातव्या दिवसानंतर घेतलें, तर पुढचे सात दिवस एक तर दूर राहावें, नाहीं तर निरोध वापरावा. अर्थात् गर्भ राहिलेला नाहीं ह्याची खात्री आधीं करून घ्यावयाची. आमच्या मुलीच्या बाबतींत नवराच चार महिने समुद्रावर, म्हणून तो प्रश्न नव्हता.

असें कां, हें समजून घेतलें म्हणजे आंकडा विसरावयास होत नाहीं. ह्या औषधाचें लांबलचक नांव मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट; सरकारी दवाखान्यांत तें 'अंतरा' ह्या नांवानें मिळतें. एका वेळीं १५० मिलिग्रॅम दंडाच्या किंवा नितंबाच्या स्नायूंत टोंचतात. त्याचें मुख्य काम म्हणजे बीजकोशांतून दरमहा बाहेर पडणारें स्त्रीबीज अडविणें. दुसरें काम म्हणजे गर्भाशयाच्या मुखाशीं असलेला स्राव दाट करून शुक्रजंतूंची वाट बंद करणें. पाळीच्या आरंभीं त्या महिन्याचें बीज अद्याप कच्चें असतें. तेव्हां औषध शरीरांत गेलें, तर बीज पिकून बाहेर येण्यापूर्वींच पहारा बसतो. परंतु अकराव्या-बाराव्या दिवशीं बीज अगदीं उंबरठ्यावर येऊन उभें असूं शकतें. त्याला मागें फिरविणें औषधाला त्या महिन्यापुरतें साधेलच असें नाहीं. बाहेर पडलेलें बीज जेमतेम एक दिवस जगतें, पण शुक्रजंतु स्त्रीच्या शरीरांत पांच दिवसांपर्यंत तग धरून राहूं शकतात. ही सारी बेरीज ध्यानांत घेतली म्हणजे सात दिवसांची अट कोणा चिकित्सकाची उगीच काढलेली खोड नव्हे, हें पटतें.

इतर प्रसंगांचें थोडक्यांत सांगतें. अंगावर पाजणाऱ्या आईनें हें इंजेक्शन प्रसूतीनंतर सहा आठवडे झाल्यावर घ्यावें. त्यानंतर दुधाला त्याचा अपाय होत नाहीं. गर्भपात झाला असेल तर पहिल्या सात दिवसांत घेतल्यास तें लगेच लागू होतें. तांबी किंवा नियमित घेतलेल्या गोळ्या सोडून ह्याकडे वळावयाचें असेल, तर कोणत्या दिवशीं वळावें हें डॉक्टरांना विचारूनच ठरवावें.

आतां आपल्या घरांतल्या एका संवयीविषयीं. सुई टोंचून आलेल्या माणसाचा दंड चोळणें, गरम पाण्याच्या पिशवीनें शेकणें, हें आपल्या मायेचें लक्षण आहे. थोरल्या जाऊबाईंनीं त्या रात्रीं पिशवी तापविलीहि होती. डॉक्टरीणबाईंनीं तीच गोष्ट निक्षून मना केली. हें औषध स्नायूंत सांठून राहतें आणि तेथून अगदीं हळूहळू रक्तांत उतरतें. म्हणून तर एक टोंचणी तीन महिने पुरते. ती जागा चोळली किंवा शेकली तर औषध लवकर विरघळून जाण्याचा संभव असतो. दंड दुखला तर दुखूं द्यावा.

टोंचणीला जशी सुरुवात आहे तसा शेवटहि आहे. पुढील टोंचणी तीन महिन्यांनीं. नेमकी तारीख साधली नाहीं तर दोन आठवडे आधीं किंवा चार आठवडे उशिरां घेतली तरी चालते. त्याहून उशीर झाला तर मात्र सारें पुन्हां पहिल्यापासून: गर्भ नाहीं ह्याची खात्री, आणि पुन्हां ते सात दिवस. वेळच्या वेळीं घेणाऱ्या शंभर स्त्रियांपैकीं वर्षभरांत एकीलाहि क्वचितच दिवस जातात. पण प्रत्यक्ष व्यवहारांत, तारखा पुढेंमागें होतात त्यामुळें, शंभरांत चार ते सहाजणींना जातात. हा फरक औषधाचा नव्हे, दिनदर्शिकेचा आहे. आणि एक गोष्ट सांगून ठेवावीशी वाटते: संसर्गजन्य गुप्तरोगांपासून हें इंजेक्शन मुळींच रक्षण करीत नाहीं; तें काम निरोधाचेंच.

पुतण्या दुसऱ्या दिवशीं आला. त्याला सर्व समजावून सांगण्याचें काम हिनें स्वतः केलें, आणि दुकानांत जाण्याचें त्यानें. मला तें आवडलें.

हें इतकें साधें ज्ञान कार्डावरच्या तारखेबरोबर तोंडीं दोन वाक्यांत देतां येत नाहीं का, असा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आपल्या भाषेंत ह्या विषयावर उघड बोलण्याची परंपरा कांहीं आजची नव्हे. र. धों. कर्वे ह्यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, १९२३ सालीं त्या विषयावर पुस्तक लिहिलें, आणि १९२७ पासून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. ह्या कार्यापायीं त्यांस प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. ह्या इंजेक्शनांचा इतिहासहि वादाचाच आहे. १९८६ सालीं हैदराबादची स्त्री शक्ति संघटना व तिच्या सहकारी स्त्रिया सर्वोच्च न्यायालयांत गेल्या, त्या दोन महिन्यांच्या दुसऱ्या एका इंजेक्शनाच्या चांचण्यांवरून. ज्या स्त्रियांवर तें वापरलें जातें त्यांना पुरती कल्पना दिली जात नाहीं, ही त्यांची मुख्य तक्रार. तीन महिन्यांच्या इंजेक्शनाला १९९३ सालीं परवानगी मिळाली, तरी सरकारी योजनेंत तें यावयास २०१७ साल उजाडलें. त्या स्त्रियांचें सर्वच म्हणणें मला पटतें असें नाहीं. परंतु सांगितल्याशिवाय सुई लावूं नये, हें त्यांचें म्हणणें आजहि खोडून काढतां येणार नाहीं. आणि सांगावयाचें म्हणजे केवळ तारीख नव्हे.

कारण पुढेंहि सांगण्यासारखें पुष्कळ आहे. पहिले कांहीं महिने पाळी अनियमित येते, मधूनच डाग पडतात; वर्षभर टोंचण्या चालू ठेवल्या तर सुमारें निम्म्या स्त्रियांची पाळी बंदच होते. हें अशक्तपणाचें लक्षण नव्हे, कीं पोटांत रक्त सांठल्याचेंहि नव्हे. पण एकत्र कुटुंबांत कोणाची पाळी केव्हां, हें न बोलतां सर्वांना ठाऊक असतें. एक महिना चुकला कीं कोणीतरी पेढ्यांचा विचार करूं लागतें आणि कोणीतरी वैद्याचा! कांहींचें वजन वाढतें. हाडांची घनता थोडी उणावते, ती इंजेक्शन थांबविल्यावर बव्हंशीं भरून येते. स्तनाचा कर्करोग झालेल्या, फार चढलेल्या रक्तदाबाच्या, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असलेल्या स्त्रीनें तपासणीशिवाय ह्या वाटेस जाऊं नये.

जाऊबाईंचें भय निराळें होतें. त्या मला एकांतांत म्हणाल्या, "अहो, असलें टोंचून घेऊन पुढें मूलच झालें नाहीं तर?" हें भय अगदींच निराधार आहे असें म्हणून मी तें उडवून लावलें नाहीं. ह्या औषधानें वंध्यत्व येत नाहीं, हें खरें; परंतु तें थांबविल्यावर दिवस जाण्यास वेळ लागतो, हेंहि खरें. शेवटच्या टोंचणीपासून सरासरीनें सात ते दहा महिने धरावे. आम्हीं तिघी एकत्र बसलों आणि सुनेनेंच हिशेब मांडला: बाळ दहा महिन्यांचें, दोन वर्षांचें झाल्यावर दुसऱ्याचा विचार करावयाचा, म्हणजे तेराव्या महिन्यांत एक आणि सोळाव्यांत एक अशा आणखी दोनच टोंचण्या. हिशेब चोख होता, पण डॉक्टरीणबाईंनीं त्याला एक पुरवणी जोडली. सात ते दहा महिने ही सरासरी आहे. एखादीला शेवटच्या टोंचणीची मुदत संपतांच दिवस जाऊं शकतात. तेव्हां हा उशीर म्हणजे संरक्षण समजूं नये. बाळ दोन वर्षांचें होईपर्यंत त्या मधल्या काळांत निरोध वापरावा. जाऊबाईंनीं सर्व ऐकून घेतलें, चष्मा पुसला, आणि भिंतीवरील कालनिर्णय काढून सुनेपुढें ठेवीत म्हणाल्या, "ह्यावर खूण कर. माझ्या लक्षांत राहणार नाहीं."