जाताना दार, येताना बार

लेकीचं बाळंतपण लंडनला होणार होतं, म्हणून मी निघाले. तिकिटांचं सगळं तिनेच बघितलं. फोनवर म्हणाली, "आई, तुझा गुडघा बघता नऊ-दहा तास पाय दुमडून बसणं तुला झेपायचं नाही. बिझनेस क्लासचं तिकीट काढलंय. जाताना ब्रिटिश एअरवेज, येताना व्हर्जिन अटलांटिक."

मी विचारलं, "केवढ्याला?"

"फुकट. पॉइंट्सवर."

सोलापुरात सहकारी बँकेच्या काउंटरमागे नोकरी संपवलेल्या बाईला फुकट म्हटलं की आधी कागद बघावासा वाटतो. मी तिच्याकडून दोन्ही पावत्या मागवल्या. तिच्या कार्डावरच्या खर्चाचे पॉइंट्स एका कंपनीत साठले होते, जावयांचे दुसरीत, म्हणून जायची-यायची विमानं वेगळी. आणि फुकट होतं ते मूळ भाडं. कर आणि अधिभार रोखीने भरावे लागले होते. त्यातही येतानाचा कर चांगलाच जड होता. ब्रिटनमधून उडणाऱ्या प्रवाशावर तिथलं सरकार कर लावतं, आणि तो तिकिटाच्या किमतीवर नसतो, तर अंतर आणि वर्ग बघून ठरतो. पुढच्या वर्गात बसणाऱ्याला तो मागच्या वर्गाच्या दुपटीहून जास्त पडतो. पॉइंट्सवर बसा की पैशांवर, सुटका नाही. मी लेकीला म्हटलं, "फुकट नाही, सवलतीत म्हण." ती म्हणाली, "आई, आता तू फक्त विमानात बस."

मुंबईच्या टर्मिनल दोनवर बसण्याआधीच गोंधळ सुरू झाला. माझी रांग वेगळी होती आणि तिच्यात कोणीच नव्हतं. रिकाम्या रांगेत उभं राहायला धीर लागतो. आपण चुकीच्या जागी आलो असं सारखं वाटत राहतं. पुढे लाउंज. इडली, पुलाव, सॅलड, केक, सगळं मांडून ठेवलेलं आणि गल्ला कुठेच नाही. वाढून घेतलं तरी माझा एक डोळा बिल घेऊन येणाऱ्या माणसाकडे होता. तो आलाच नाही. शेजारचे गृहस्थ लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले, "पोटभर जेवू नका काकू, विमानातही देतात." हा सल्ला सोन्याचा होता, पण माझं ताट रिकामं झाल्यावर मिळाला.

विमानात शिरल्यावर सगळे उजवीकडे वळत होते, मला डावीकडे वळवलं. माझ्या जागेला चक्क दार होतं. ब्रिटिश एअरवेजने 2019 मध्ये आणलेला हा क्लब सूट. एका ओळीत चारच जागा: खिडकीशी एक, मधे दोन, पलीकडच्या खिडकीशी एक. खुर्ची किंचित तिरकी, खिडकीकडे तोंड केलेली. पट्टा खांद्यावरूनही येतो. समोर मोठा पडदा, बाजूला कप्पे, कप्प्यांत कप्पे. एकात कानाला लावायचे हेडफोन, एकात पाण्याची बाटली, एकात आरसा. टेबल कुठे आहे ते मात्र कळेना. बटणांवर लिहिलेलं नव्हतं, चित्रं होती: झोपलेला माणूस, बसलेला माणूस, अर्धवट आडवा माणूस.

उड्डाणाच्या वेळी दार उघडंच ठेवावं लागतं. मग दिवे मंद झाले आणि आजूबाजूची दारं एकेक सरकू लागली. मीही माझं लावलं. आणि मला एकदम लक्षात आलं की आता मला कोणी दिसत नाही आणि मीही कोणाला दिसत नाही. अख्खं विमान भरलेलं, आणि मी एकटी. घरात एवढा एकांत मला कधी मिळाला नव्हता. बाळंतपणाला निघालेल्या बाईच्या डोक्यात काय काय चाललेलं असतं, ते सांगायला शेजारी कोणीतरी लागतं. इथे शेजारची बाई दोन फुटांवर होती, पण मधे भिंत.

हाक मारायचं बटण होतं, आणि दाबलं की माणूस लगेच येत होता, हसून, नावानिशी. प्रश्न माझा होता. टेबल कसं काढायचं एवढ्यासाठी त्याला बोलवायचं? आपल्याकडे माणूस जवळून जात असेल तर आपण "अहो, जरा..." म्हणतो. बटण दाबून बोलावणं म्हणजे हुकूम सोडल्यासारखं वाटतं. लावलेल्या दाराचा अर्थ कर्मचारी बरोबर घेत होते: या बाईंना त्रास नको. माझी अडचण अशी, की मला थोडा त्रास हवा होता.

शेवटी जेवण आलं तेव्हा त्या मुलाने कुठून तरी टेबल ओढून काढलं आणि त्यावर पांढरं कापड अंथरलं. लेकीने आधीच हिंदू शाकाहारी जेवण सांगून ठेवलं होतं. ते उड्डाणाच्या किमान चोवीस तास आधी सांगावं लागतं. त्याला चार इंग्रजी अक्षरांचं खूणनाव असतं आणि जैन जेवणाला वेगळं. सगळं एकदम येत नाही. आधी थोडं, मग मुख्य, मग गोड, आणि प्रत्येकाच्या मधे बराच वेळ. आमच्याकडे पंगतीत वाढपी पुढे सरकेपर्यंत पानावर सगळं येतं. इथे पहिली वाटी संपल्यावर जेवण संपलं की काय, अशी शंका आली. चव जरा फिकी लागली. त्यात स्वयंपाक्याचा दोष नाही हे पुढे जावयांनी सांगितलं. उंचावरच्या कोरड्या हवेत नाक सुकतं, इंजिनाच्या आवाजाचाही परिणाम होतो, आणि मीठ-साखर कमी जाणवते. माझ्या पर्समध्ये शेंगाचटणीची पुडी होती. दार लावलेलं असण्याचा हा मात्र खरा फायदा. मी ती निवांत काढली.

झोपेचं म्हणाल तर झोपलेल्या माणसाचं बटण दाबलं आणि खुर्ची हळूहळू सपाट झाली. पाय समोरच्या कोनाड्यात गेले. वर गादी, रजई, उशी. गुडघा सरळ. मी पाठीवर झोपून छताकडे बघत राहिले आणि मला वाटलं, पैसे लागतात ते यासाठी. बाकी सगळं कौतुक आहे, पण सरळ झालेला गुडघा ही खरी वस्तू आहे. मागच्या वर्गाच्या तीन-चार पट भाडं लोक का मोजतात ते पाठ टेकल्यावर कळतं.

हीथ्रोच्या टर्मिनल पाचवर उतरल्यावर कळलं की या तिकिटावर आंघोळीची सोयही आहे. उतरल्यावरची लाउंज, शॉवर, नाश्ता. रात्रभर झोपून आलेल्या बाईने विमानतळावर आंघोळ करून मगच लेकीकडे जायचं, हे मला काही पटलं नाही. जावई बाहेर थांबले होते.

गाडीत त्यांनी या दोन कंपन्यांचं जुनं प्रकरण सांगितलं. बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारी शय्या पहिल्यांदा आणली ती ब्रिटिश एअरवेजने, 2000 साली. त्या रचनेत एक माणूस पुढे तोंड करून तर शेजारचा मागे तोंड करून बसायचा, आणि मधला पडदा खाली असला की अनोळखी माणसाशी थेट नजरानजर व्हायची. दार त्यानंतर आलं. 1984 मध्ये सुरू झालेली व्हर्जिन तिची जुनी वैरीण. 1993 मध्ये तर हे भांडण लंडनच्या न्यायालयात मिटलं: ब्रिटिश एअरवेजने माफी मागितली, रिचर्ड ब्रॅन्सन यांना पाच लाख पौंड आणि त्यांच्या कंपनीला एक लाख दहा हजार पौंड दिले. ब्रॅन्सननी आपले पाच लाख कर्मचाऱ्यांत वाटून टाकले. "म्हणून एक जे करते त्याच्या उलट दुसरी करते," जावई म्हणाले. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. परतताना त्याचा अर्थ कळला.

नातवाला न्हाऊ-माखू घालण्यात महिने गेले. परतायच्या दिवशी जावयांनी गाडी टर्मिनल तीनच्या एका बाजूच्या दाराशीच नेली. व्हर्जिनच्या या वर्गाला तिथे स्वतंत्र प्रवेश आहे. सामान तिथेच घेतात, तपासणीही तिथेच, आणि काही मिनिटांत तुम्ही त्यांच्या क्लबहाउसात. इथे मांडून ठेवलेल्या अन्नाऐवजी माणूस येऊन विचारतो. एका मुलीने माझ्याकडे बघून विचारलं, "पहिल्यांदाच का?" मी हो म्हटलं, आणि त्यानंतर तिने मला एकटीला सोडलं नाही.

विमान ड्रीमलायनर होतं. या जातीच्या विमानात आतल्या हवेचा दाब सहा हजार फुटांवर असतो तितका ठेवतात. जुन्या विमानांत तो आठ हजार फुटांइतका असतो. या खेपेला घसा आणि ओठ कमी सुकले. खिडकीला ओढायची झडप नव्हती. खाली बटण होतं आणि दाबलं की काच निळी होत होत अंधारत जायची. पण खिडकी बघायला मान वळवावी लागायची, कारण या जुन्या रचनेत पाठ खिडकीकडे आणि पाय मधल्या वाटेकडे असतात. एका ओळीत तीनच माणसं, तीही एकेकटी. मागे त्याच रुंदीत नऊ बसतात. एकंदर 258 जागांपैकी या वर्गाच्या 31. माझ्यातल्या बँकवालीने तिथेच हिशेब केला: तीन मागच्या जागा विकायच्या तिथे यांनी मला एकटीला बसवलंय, शिवाय लांबीतही जास्त जागा दिलीय.

इथे दार नाही. समोरच्या रांगेतल्या माणसाचे पाय दिसतात, वाटेने जाणारा दिसतो, कोण झोपलंय, कोण जागं आहे ते कळतं. जाणकार म्हणतात की ही रचना आता मागासलेली आहे, खासगीपणा नाही. मला मात्र बसल्या बसल्या हायसं वाटलं. लाल पोशाखातली एक मुलगी जाता-येता थांबायची. तिला हिंदी येत होतं. मी "अहो, जरा..." म्हणू शकत होते आणि ती ऐकू शकत होती.

झोपायची वेळ झाली तेव्हा खरी गंमत. या खुर्चीची पलंग व्हायची तऱ्हा न्यारी आहे. आधी तुम्ही उठून उभं राहायचं. मग खुर्चीची पाठ पुढे उलटते आणि तिची मागची बाजू वर येते, तीच गादी. रेल्वेच्या थ्री टायरमध्ये दिवसा पाठ टेकायची फळी रात्री मधला बर्थ होते, त्यातलाच प्रकार, फक्त साखळ्या नाहीत. त्या मुलीने मला उठवलं, खुर्ची उलटवली, चादर घातली, रजई घातली आणि थोपटून उशी ठेवली. तोपर्यंत मी वाटेत उभी. आणि वाटेत उभं राहिलेल्या माणसाशी लोक बोलतातच. पलीकडच्या जागेवरून उठलेल्या लेस्टरच्या एक गुजराती बेन म्हणाल्या, "चलो, बार देख लेते हैं."

विमानात बार आहे हे मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. छोटंसं टेबल, उंच बैठका, मागे बाटल्यांची रांग. आम्ही दोघींनी चहा घेतला. बेननी त्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची अख्खी हकीकत सांगितली, मी बाळंतपणाची. एक तरुण डॉक्टर तिथेच उभा राहून दोन्ही ऐकत होता आणि त्याने बेनना दोन व्यायाम करून दाखवले. घरी जातोय की लग्नाला, हे सगळ्यांनी एकमेकांना सांगून झालं होतं. नंतर मी गादीवर आडवी झाले. ती जरा कडक होती, जशी मला लागते तशीच.

जेवणात मीठ-मिऱ्याची विमानाच्या आकाराची दोन छोटी भांडी आली. त्यांची नावं विल्बर आणि ऑरव्हिल, राइट बंधूंवरून. तळाशी छापलंय की ही व्हर्जिनमधून लंपास केलेली आहेत. लोक ती उचलून नेतात म्हणून कंपनीनेच असं छापलं. बँकेतली टाचणीही कधी घरी न आणलेल्या मला ती मुलगी म्हणाली, "घ्या ना, सगळे घेतात." मी त्या दोघांना होते तिथेच ठेवलं.

आता भिशीतल्या मैत्रिणी विचारतात, दोन्हींत चांगलं कोणतं? गाद्या, रजया, जेवण यांत उन्नीस-बीस. फरक आहे तो त्यांनी आराम कशाला म्हटलंय यात. एकीच्या मते आराम म्हणजे तुमच्यापर्यंत कोणी पोचणार नाही. दुसरीच्या मते आराम म्हणजे कोणीतरी येऊन विचारेल. ज्याला सगळी बटणं पाठ आहेत, महिन्याला ये-जा आहे, उतरल्याबरोबर मीटिंग आहे, त्याला दारच हवं. पैसे तो त्याचेच मोजतो. नवख्याला दार नको. खुर्ची आपली आपण उलटत नाही, त्यासाठी माणूस लागतो, ही त्या रचनेतली उणीव म्हणून सांगतात; पण नवख्याच्या वाट्याला माणूस येतो तो त्या उणिवेमुळेच. व्हर्जिनही नव्या विमानांत हळूहळू दारं बसवू लागली आहे असं जावई म्हणाले. तेव्हा ज्यांना पहिल्यांदा जायचंय त्यांनी तिकीट काढण्याआधी विमान कोणतं, आतली रचना कोणती, ते बघून घ्यावं. कंपनीचं नाव एकच असलं तरी विमान बदललं की आतली खुर्ची बदलते.

नातवाच्या वाढदिवसाला यांनाही न्यायचं आहे. हे पेपर उघडला की हाकेला ओ देत नाहीत. त्यांच्यासाठी मी दाराची जागा सांगितली आहे. माझी मात्र वेगळ्या विमानात, असं म्हटल्यावर लेक हसायला लागली. पण पॉइंट्स दोन्हीकडे आहेत, आणि करासकट हिशेब मी करून ठेवला आहे.