इलेक्शन ड्युटी

कामण, नोव्हेंबर २०२४. मतदान २० तारखेला, हातात नेमणुकीचा आदेश. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्याच कंबरा अचानक धरल्यात! मीही सबब शोधतेय: सासूबाईंचं इन्सुलिन, आदल्या रात्रीचा केंद्रावरचा मुक्काम, मशीन जमा करेपर्यंत मध्यरात्र, मग वसई-दिवा मार्गावर गाडी कुठली? पण लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १३४ वं कलम आहे. सबळ कारणाशिवाय कर्तव्यात कसूर केली तर दंड.

अशाच न टळणाऱ्या बोलावण्यावरून नौदल अधिकारी नानावटी यांच्या खून खटल्याची ज्यूरी आठवली, निवाड्यासाठी बसवलेली साधी माणसं. १९५९ साली मुंबईत ९ जणांनी ८ विरुद्ध १ असं नानावटींना ‘निर्दोष’ ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं. त्या नऊंपैकी कुणाला घरी बसावंसं वाटलं असेल का? आम्हाला निदान निवाडा द्यायचा नाही, बोटाला शाई लावायची. अर्ज लिहून ठेवलाय. कारण तेवढं लिहायचं राहिलंय.