नोटिशीतला ‘हाउएव्हर’ आधी शोधा

आज थोडं इंग्रजीबद्दल. शाळेतल्या नाही, नोटिशीतल्या.

गल्लीतले लोक इंग्रजी पत्रं वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. कुणाचं बँकेचं, कुणाचं विम्याचं, लूमवाल्यांचं वीजबिलाचं. बहुतेकांनी पहिलं वाक्य वाचलेलं असतं, ‘तुमची तक्रार मिळाली.’ तेवढ्यावर माणूस निवांत! मी पुढच्या शब्दावर बोट ठेवतो : ‘हाउएव्हर’. म्हणजे ‘तथापि’. पत्राचा खरा मुद्दा तिथून पुढे असतो.

‘ऑल्दो’चंही तसंच. ‘जरी तुमचा अर्ज विचाराधीन असला’ ही नुसती समजूत. निर्णय ‘तरी’च्या पुढे.

आपण अर्ज लिहितो तेव्हा हेच आपल्या बाजूने वापरायचं. ‘बिल भरलं, पण उशिरा भरलं’ आणि ‘उशिरा भरलं, पण भरलं’. माहिती तीच, वजन वेगळं. आपली बाजू ‘पण’नंतर ठेवा.

आता शब्द कुठला? ‘बट’ साधा, दोन वाक्यं जोडणारा. ‘हाउएव्हर’ कागदोपत्री शोभतो, पण आधीचं वाक्य पूर्णविराम देऊन संपवा आणि त्याच्यानंतर स्वल्पविराम द्या. ‘डिस्पाइट’ला ‘ऑफ’ लागत नाही, ‘इन स्पाइट’ला लागतो. आणि ‘ऑल्दो’ लिहिलं की पुढे ‘बट’ नको. आपल्याकडे तो हमखास येतो, कारण मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ लागतो. शेजारच्या हिंदी-उर्दूवाल्यांचंही तेच, ‘हालांकि’ आलं की मागोमाग ‘लेकिन’. इंग्रजीत दोघांपैकी एकच पुरतो.

खरी गंमत कायद्यात आहे. तिथे ‘प्रोव्हायडेड दॅट’ येतं. मराठी कायद्यात त्याला ‘परंतु’ म्हणतात आणि त्या भागाला ‘परंतुक’. वीज कायदा २००३, कलम ५६ बघा. बिल थकलं तर पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडता येते. इथवर वाचलं की घाम फुटतो. पण पुढे ‘परंतु’ आहे! बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत नोंदवून भरा. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. (हे थकबाकीच्या वादाला लागू, चोरीच्या प्रकरणाला नाही.)

भिवंडीत वीज गेली की लूम बंद, आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्या कामगाराची त्या दिवसाची कमाईही बंद. एका ‘परंतु’वर किती घरं उभी आहेत बघा.

याच्याही वरचा शब्द ‘नॉटविथस्टँडिंग’, म्हणजे ‘काहीही असलं तरी’. संविधानाचं कलम ३४८ त्यानेच सुरू होतं. १९६४च्या कायद्याने मराठी राज्याची राजभाषा झाली, तरी मुंबई उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, ते या कलमामुळे.

म्हणून दोन गोष्टी. एक, जिच्यामुळे माणसाचा धंदा थांबू शकतो ती नोटीस मराठीत आलीच पाहिजे, परंतुकासकट. ही मागणी सगळ्यांनी लेखी करा. दोन, तोवर पत्र हातात पडलं की आधी ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘ऑल्दो’, ‘प्रोव्हायडेड’ शोधून पेनाने गोल करा. मग सही.

पोस्ट आपल्या लूमवाल्या ग्रुपवर टाका. तुमच्याकडच्या नोटिशीत असा शब्द अडला असेल, तर नाव-नंबर झाकून कमेंटमध्ये लिहा. मिळून वाचू.