व्हिएन्नाच्या तिजोरीतला कागद

एक काळ असा होता, की जीडीआर म्हणजे ग्लोबल डिपॉझिटरी रिसीट काढून परदेशातून भांडवल आणणाऱ्या लहान-मध्यम भारतीय कंपन्यांची रीघच लागली होती. लक्झेंबर्गच्या शेअर बाजारात नोंदणी व्हायची आणि मुंबईच्या बाजाराला कळवलं जायचं की सगळा इश्यू खपला. इथला गुंतवणूकदार ते वाचून हुरळायचा. युरोपातल्या मंडळींनी पैसे लावलेत, त्या अर्थी कंपनीत दम असणार!

भारताच्या बाजार नियामक सेबीनं खणायला सुरुवात केली तेव्हा वेगळंच निघालं. अनेक इश्यूंत सगळे जीडीआर घेणारा एकच होता. त्यानं ऑस्ट्रियातल्या युराम बँकेकडून कर्ज काढलेलं, आणि त्या कर्जाला तारण होते जीडीआर विकून कंपनीच्या खात्यात आलेले तेच पैसे. म्हणजे कंपनीनं आपल्या मालाला स्वतःच्याच पैशानं गिऱ्हाईक उभं केलं होतं. पुढे जीडीआरचे शेअर होऊन ते भारतात विकले जायचे. ते घ्यायचे आपल्याकडचे साधे भागधारक. कर्ज थकलं, तर बँक तारणातून वसुली करून मोकळी. कंपनीकडे आलेलं भांडवल कागदावरच राहायचं.

ही साखळी दोन कागदांवर टिकून होती, कर्जाचा करार आणि तारणाचा करार. दोन्ही बँकेच्या दप्तरात, व्हिएन्नात. वांद्रे-कुर्ला संकुलात बसलेल्या सेबीच्या अधिकाऱ्याचं समन्स तिथल्या बँकेवर चालत नाही. त्याला त्या देशाच्या नियामकाकडेच मागावं लागतं.

ही मागणी ज्या करारावर चालते, तो २००२ सालचा. माद्रिदमध्ये मुख्यालय असलेल्या आयोस्को या नियामकांच्या जागतिक संघटनेचा बहुपक्षीय सामंजस्य करार. सेबीनं त्यावर २००३ मध्ये सही केली. आज सही करणारे नियामक सव्वाशेहून अधिक आहेत. माझ्या मते या कराराचं खरं बळ सहीच्या आधीच्या परीक्षेत आहे. बँकेचे आणि दलालाचे हिशेब, खात्यामागचा खरा मालक, हे सगळं मिळवून परदेशी नियामकाला देण्याचा अधिकार आपल्या कायद्यात आहे, हे आधी सिद्ध करावं लागतं. बँकेच्या गोपनीयतेची सबब चालत नाही. तपासातलं कृत्य आमच्या देशात गुन्हाच नाही, असं म्हणून विनंती फेटाळता येत नाही. या परीक्षेसाठी कित्येक देशांना आपले कायदे बदलावे लागले. नुसत्या सदिच्छेच्या जाहीरनाम्यानं ते कधीच झालं नसतं.

आपल्या कायद्यालाही डागडुजी लागलीच. परदेशी नियामकांशी माहितीची देवाणघेवाण करण्याचं कलम सेबी कायद्यात आलं २०१४ मध्ये, पण ते ६ मार्च १९९८ पासून लागू धरलं गेलं. अमेरिकेच्या रोखे नियामक एसईसीशी सेबीनं करार केला तो हाच दिवस. सोळा वर्षांचा व्यवहार एका तारखेनं कायद्याच्या छत्राखाली आणला.

तरी प्रश्न होताच: जीडीआर परदेशात, इश्यू हाताळणारा लीड मॅनेजर लंडनचा, मग सेबीचा संबंध काय? सॅटनं, म्हणजे रोखे अपील न्यायाधिकरणानं, २०१३ मध्ये सेबीच्या विरोधात निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानं ६ जुलै २०१५ रोजी, पॅन एशिया अ‍ॅडव्हायझर्स या लीड मॅनेजरच्या खटल्यात, तो फिरवला. जीडीआरच्या पोटात भारतीय कंपनीचे शेअर आहेत, झळ भारतीय गुंतवणूकदाराला बसते, म्हणून सेबीला अधिकार आहे. रोखे कायद्याची वकिली करताना मी हा निकाल पुन्हा पुन्हा वाचते. आपल्या बाजाराच्या संरक्षणात त्याच्याइतकं मोलाचं फार थोडं आहे.

पण मला अस्वस्थ करणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे या वाटेनं माहिती येते, पैसे येत नाहीत. आयोस्कोच्या वाढीव करारात, २०१७ पासून, मालमत्ता गोठवणं, फोनच्या नोंदी, ऑडिटरची टिपणं यांची भर पडली, हे चांगलंच. पण गोठवलेला पैसा भागधारकाच्या हाती परत येण्याची वाट अजून लांब आहे. दुसरी गोष्ट अधिक अवघड. समोरच्या नियामकाकडे जे आहे किंवा त्याला जे मिळवता येतं, तेवढंच तो देणार. एका बेटावरच्या फंडात दुसऱ्या बेटावरची कंपनी, तिच्यामागे एखादा ट्रस्ट. प्रत्येक पायरीला नवा देश, नवी विनंती, नवी प्रतीक्षा. तोवर शेअर चढून कोसळलेला असतो.

म्हणूनच सेबीनं ऑगस्ट २०२३ मध्ये उचललेलं पाऊल मला योग्य वाटतं. ज्या परदेशी फंडाची भारतातली निम्म्याहून अधिक गुंतवणूक एकाच उद्योगसमूहात आहे, त्यानं, काही अपवाद सोडता, मालकीची साखळी शेवटच्या माणसापर्यंत स्वतःच उघड करायची. नंतर दहा देशांना विचारत बसण्यापेक्षा दारातच विचारलेलं बरं. त्याच्या जोडीला माझी एक मागणी आहे. सेबीच्या विनंतीला कोणत्या देशाकडून उत्तर यायला किती महिने लागले, हे दरवर्षी देशवार जाहीर व्हावं. ज्या देशातून उत्तर यायला वर्ष लागतं, तिथून येणाऱ्या पैशाची चौकशी आत शिरतानाच अधिक कडक करता येईल.