खुराड्यातील उतरंड

आईचा अंत्यविधी आटोपला, नातेवाईक आपापल्या घरी परतले आणि वसईच्या त्या जुन्या घरात आम्ही उभयतां, आईच्या सात कोंबड्या व एक कोंबडा एवढेच उरलो. २०१९ च्या सप्टेंबरातील ते दिवस. मुंबईत नोकरीची चाळीस वर्षे काढून निवृत्तीनंतर वाडीत येऊन राहावे, आईच्या हातचे खावे, असा आमचा बेत होता. आलो ते ती नसताना.

अंगणात आमचे पाऊल पडले की कोंबड्या फडफडत केळींच्या आड जात. ज्या कोंबड्या आईच्या पायांत घोटाळत हिंडत, त्या आमच्या वाऱ्यालाही उभ्या राहीनात. तिन्हीसांजेला दोघी-तिघी खुराड्यात न शिरता फणसावर चढून बसत. आणि वाडीत मुंगसांचा सुळसुळाट! प्रारंभी आम्ही डालगे घेऊन त्यांच्या मागे धावलो. परिणाम इतकाच झाला की दुसऱ्या दिवसापासून डालगे दिसताच त्या आणखी दूर पळू लागल्या. खरे सांगायचे तर आम्हांस रागच येई. घर आमचे, वाडी आमची, दाणाही आमचाच. आणि परके मात्र आम्ही!

आईने प्रत्येकीस नाव दिले होते. दर रविवारी मिस्साहून आली की दूरध्वनीवर ती त्यांच्या कागाळ्या सांगे, आणि आम्ही वर्तमानपत्र चाळीत 'हो, हो' करीत असू. आता आठवू जाता एकच नाव आठवले, ते मिरीचे. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेली ही कोंबडी. 'मिरीला आजही कुणी खाऊ दिलं नाही', हे वाक्य आम्ही शंभरदा तरी ऐकले असेल. बाकीची सहा नावे आईबरोबर गेली.

कुणीसे सुचविले म्हणून सौभाग्यवतींनी आईचे लाल लुगडे नेसून दाणा टाकून पाहिला. कोंबड्या फसल्या नाहीत. शेजारच्या काकी कुंपणापलीकडून हे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, कोंबडी काय नुसतं लुगडं बघते? ती चाल बघते, आवाज ऐकते. आणि तुम्ही दोघं उभे कशाला राहता तिच्या डोक्यावर? बसा खाली. एक रोजरी पुरी होईपर्यंत हलायचं नाही."

या सल्ल्यातील शहाणपण आम्हांस पुढे कळले. कोंबडीचा जन्मजात वैरी आकाशातून येतो. वरून खाली येणारा हात, मग तो दाण्याचा का असेना, तिला घारीसारखाच वाटतो. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे आपण टक लावून पाहिले नाही तरी ती आपणांस पाहतच असते. म्हणून बुटक्या पाटावर बसावे, तोंड किंचित वळवावे, तळहात जमिनीला टेकवून त्यावर तांदळाची कणी ठेवावी आणि वाट पाहावी. वेळ रोज तीच, वाटी तीच, हाकही तीच. आम्ही कणीच्या जोडीला वाळवीचा खाऊ ठेवू लागलो. त्या मोहापुढे भल्या भल्या कोंबड्यांचा निग्रह टिकत नाही. आठवडाभरात कोंबडा जवळ आला, मग तांबडी मोठी कोंबडी. पण तळहातावर पहिली चोच पडली ती २ नोव्हेंबरला, दफनभूमीतून आईच्या कबरीवर फुले वाहून परतलो त्या सायंकाळी.

असे तास-तासभर बसल्यामुळे त्यांचा संसार आम्हांस प्रथमच दिसू लागला. दाणा पडला की आधी तांबडी. तिने मान वर करून नुसते पाहिले तरी इतर बाजूला होत. तिच्याखाली एक पिवळी, तिच्याखाली आणखी तिघी-चौघी आणि सर्वांच्या तळाशी मिरी. मातीच्या मडक्यांची उतरंड असते तशीच ही चोचींची उतरंड! थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन संशोधकास बालपणापासून कोंबड्यांचे वेड होते. कोण कुणास टोचते याचा अभ्यास त्याने १९२१-२२ च्या सुमारास जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. कचेऱ्यांतून ज्याला 'पेकिंग ऑर्डर' म्हणतात तो शब्द तेथूनच जगभर गेला. ही उतरंड नेहमीच सरळ नसते, असेही त्याने पाहिले होते. आमच्याकडेही मधल्या तिघींत पहिली दुसरीस टोची, दुसरी तिसरीस, आणि तिसरी उलट पहिलीस! एकदा हा क्रम ठरला की मारामाऱ्या मात्र फारशा होत नाहीत. एखादी टोच, एखादी नजर, एवढ्यावर भागते.

हे सारे पाहूनही आमच्या हातून जे घडावयाचे ते घडलेच. कोंबड्या आता आपल्या झाल्या या आनंदात डिसेंबरात आम्ही बाजारातून तीन तलंगा आणल्या आणि भर सकाळी, सर्वांच्या देखत, अंगणात सोडल्या. काकींना विचारण्याची गरज आम्हांस भासली नाही. क्षणभर शांतता पसरली. मग तांबडी धावली, तिच्यामागून बाकीच्या. आम्ही काठी घेऊन सोडवीपर्यंत एका तलंगेच्या डोक्यावरचे कातडे सोलवटले होते. जखमेवर हळद भरली आणि पुन्हा तिला त्यांच्यातच ठेवले. हीच दुसरी चूक. लाल रंग दिसला की कोंबड्यांची चोच तेथेच जाते. रक्तबंबाळ पक्ष्यास तत्काळ वेगळे ठेवावे लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे ती खुराड्याच्या कोपऱ्यात मरून पडली होती. सौभाग्यवतींनी तिला केळीखाली पुरले. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी फारसे बोललो नाही.

उरलेल्या दोघींसाठी मग घाई केली नाही. अंगणातच जाळी लावून दोन आठवडे त्यांना वेगळे ठेवले. जाळीतून सर्वांनी एकमेकींस पाहिले, जाळीच्या दोन बाजूंस दाणा टिपला. त्यानंतर एका रात्री काळोख दाटल्यावर दोघींना अलगद उचलून खुराड्यातील दांडीवर बसविले. कोंबडीला काळोखात दिसत नाही, त्यामुळे रात्री भांडण होत नाही, आणि सकाळी जाग येते तेव्हा शेजारीण अगदीच अनोळखी राहत नाही. दाण्याची भांडी एकाची तीन केली, लांब लांब ठेवली. भिंतीला दोन झावळ्या टेकवून पळून लपण्यास आडोसा केला. तांबडीचा जाच तरीही थांबेना, तेव्हा तिला पाच दिवस डालग्याखाली ठेवले. परत सोडली तेव्हा तिचे पहिले स्थान पिवळीने बळकावले होते. तांबडीची ती पडलेली मान पाहून वाईट वाटले, हेही नमूद केले पाहिजे.

पण सर्वांत मोठा धक्का दिला तो मिरीने. इतकी वर्षे तळाशी राहिलेली ही गरीब कोंबडी नव्या तलंगांना सर्वांहून अधिक टोचू लागली. पिवळी एकदा टोचून आपल्या वाटेने जाई. मिरी अंगणभर पाठलाग करी. "तुला तरी कळायला हवं होतं गं," असे सौभाग्यवती तिला म्हणाल्या. मिरीने मान तिरकी करून ऐकले आणि पुन्हा धावत सुटली. पुढे महिनाभराने तिचा जोर ओसरला. आता ती पाटाजवळ येते, तळहातावरची वाळवी टिपते आणि खाऊन झाल्यावर आमच्या पायाशीच बसते.

माळ्यावर आईची अंड्यांच्या हिशेबाची वही सापडली होती. कोंबड्यांची नावे तीत असतील म्हणून आशेने पाने उलटली. केवळ आकडेच निघाले. शेवटची चार पाने कोरी होती. त्यांतल्या पहिल्या पानावर सौभाग्यवतींनी मिरीचे नाव लिहिले, त्याखाली नव्या दोघींची. आईच्या बाकीच्या सहाजणींसाठी त्यांनी सहा ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.